पतसंस्थेच्या अहवालातले 'डिफाल्केशन' : शब्दाचा अर्थ आणि त्याची लॅटिन मुळे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातल्या बहुतेक मराठी घरांच्या कपाटात एखाद्या सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट किंवा पिग्मीचे, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचे, पासबुक असतेच. संस्थेचा कारभार सुरळीत असतो तोवर वार्षिक सभेचा अहवाल फारसे कोणी उघडून पाहत नाही. पण गावात कुजबुज सुरू झाली, मॅनेजर लांबच्या रजेवर गेला, मुदत संपलेल्या ठेवीसाठी 'पुढच्या सोमवारी या' असे उत्तर मिळू लागले, की लेखापरीक्षकाचा अहवाल हातोहात फिरू लागतो. अहवाल कन्नडमध्ये असतो, कधी इंग्रजीत असतो, आणि ऐन मोक्याच्या जागी कधी कधी 'डिफाल्केशन' हा शब्द येतो. शेजारी कन्नडमध्ये 'हण दुर्बळके' असे लिहिलेले असेल तर अर्थ निदान अंदाजाने लागतो. नुसता इंग्रजी शब्द असला तर सभासद एकमेकांना विचारत राहतात की, पैसे खाल्ले असे म्हणायचे आहे की पैसे कमी पडले असे म्हणायचे आहे? हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण या शब्दात दोन्ही अर्थ आहेत आणि ते एकमेकांत का मिसळले हे त्याच्या इतिहासावरून कळते.

आधी अर्थ सांगतो. सांभाळण्यासाठी सोपवलेल्या पैशात, तो ज्याच्या हवाली होता त्याच्या हातून पडलेली तूट म्हणजे डिफाल्केशन. आणि त्याच ओघाने, ती तूट पाडणारा अपहार. यातला 'सोपवलेला' हा शब्द महत्त्वाचा आहे. रात्री तिजोरी फोडून कोणी रोकड नेली तर ती चोरी झाली. खोटी स्कीम दाखवून पहिल्याच दिवसापासून बुडवण्याच्या हेतूने पैसे घेतले तर ती फसवणूक झाली. पैसा रीतसर हातात आला, तो दुसऱ्याचा आहे हे माहीत होते, हिशेब देण्याची जबाबदारी होती, आणि तरीही हिशेबाच्या वेळी तो पुरा निघाला नाही, तेव्हा हा शब्द लागू होतो. आपल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्यांविषयीच्या अहवालांतही गैरविनियोग, नुकसान आणि डिफाल्केशन यांची प्रकरणे एकाच शीर्षकाखाली दिलेली आढळतात.

शब्दाचे मूळ शेतातले आहे. लॅटिनमध्ये 'फाल्क्स' म्हणजे विळा. त्याला 'डी' हा उपसर्ग लागून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'डिफाल्कारे' हे क्रियापद तयार झाले; त्याचा अर्थ विळ्याने कापून काढणे, छाटणे. पुढे कारकुनांनी आणि हिशेबनिसांनी ते उचलले आणि एखाद्या रकमेतून काही भाग वजा करणे या अर्थाने ते वापरू लागले. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तो याच साध्या अर्थाने, म्हणजे वजावट किंवा कपात. त्यात गुन्ह्याचा वासही नव्हता. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तर, एकाचे देणे दुसऱ्याच्या देण्यातून परस्पर वजा करण्याच्या कायदेशीर हक्कालाच डिफाल्केशन म्हणत असत.

मग वजावटीचा अपहार कसा झाला? वजावट उघडपणे, मालकाच्या संमतीने आणि कागदावर लिहून केली तर ती वजावटच राहते. तीच मालकाला न विचारता, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने परस्पर केली, तर हिशेबात उरते ती फक्त तूट. सुगीच्या दिवसांत खानापूरकडच्या एखाद्या खाचरातले भात राखणदारानेच कडेकडेने थोडे थोडे कापून नेले, तर बांधावरून पाहणाऱ्याला रान भरलेलेच दिसते, आणि किती गेले ते मळणी होऊन पोती मोजल्यावरच कळते. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात हा शब्द आधी 'हिशेबात पडलेली तूट' आणि मग 'विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार' या अर्थांकडे सरकत गेला. जुना अर्थ मात्र पुरता पुसला गेला नाही, आणि म्हणूनच आजही वाचणाऱ्याच्या मनात संभ्रम राहतो.

आपल्या भागातला कपातीचा कन्नड शब्दही याच वाटेने आला आहे. कन्नडमध्ये 'कडित' म्हणजे कापणे, आणि पगारातल्या किंवा बिलातल्या कपातीलाही 'कडित'च म्हणतात. मराठीतही कपात आणि काटछाट हे शब्द कापण्याचेच आहेत. कापणे आणि वजा करणे यांचे नाते भाषांनी आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे जोडले आहे. याच्याशी उच्चाराने जवळचा आणि हिशेबाशी संबंध असलेला आणखी एक शब्द कर्नाटकात आहे, तो म्हणजे 'कडत'. जुन्या काळी कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून ते काळे करीत, त्याच्या घड्या घालून वही बनवीत आणि तिच्यावर बळपाने, म्हणजे मऊ दगडी लेखणीने, हिशेब लिहीत. तिला कडत म्हणत, आणि आज कन्नड कचेऱ्यांत फायलीला तोच शब्द आहे. ही वही टिकाऊ होती, परंतु तिच्यावरचा मजकूर पुसून पुन्हा लिहिता येत असे. म्हणून ती कोणाच्या ताब्यात आहे याला फार महत्त्व होते. आणि संगणकावरच्या हिशेबात नोंद कोणाच्या लॉगिनने बदलली याला आज तितकेच महत्त्व आहे.

अपहारासाठी लॅटिनमधून आलेला दुसरा औपचारिक शब्द 'पेक्युलेशन' आहे, आणि त्याची कथा अधिक जुनी आहे. लॅटिन 'पेकुस' म्हणजे गुरेढोरे. संस्कृत 'पशु' आणि हा 'पेकुस' हे एकाच प्राचीन मुळातून निघालेले सख्खे शब्द आहेत. ज्याच्याकडे गुरे जास्त तो श्रीमंत, अशा काळात 'पेकुस'वरून 'पेकुनिया' हा पैशाचा शब्द तयार झाला. आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या दिशेने घडलेली दिसते: कन्नडमध्ये गुरांना 'दन' म्हणतात आणि तो 'धन' या संस्कृत शब्दाचाच तद्भव मानला जातो. 'पेकुस'वरूनच 'पेकुलियम' हाही शब्द आला. रोमन कायद्यात मुलगा किंवा गुलाम यांची स्वतःची मालमत्ता नसे. घरातल्या कर्त्या पुरुषाने वापरायला दिलेला छोटा वाटा तेवढा त्यांच्याकडे असे, त्याला पेकुलियम म्हणत. आपला नसलेला पैसा आपल्या वाट्यात ओढून घेणे, हा अर्थ त्यापुढे एका पावलावर होता.

रोमन लोकांनी सार्वजनिक पैशाच्या अपहाराला 'पेकुलातुस' असे वेगळे नाव दिले आणि खाजगी चोरीपेक्षा तो निराळा व गंभीर गुन्हा ठरवला. तोही त्यांनी एकसंध ठेवला नाही. सम्राट जस्टिनियनच्या काळात, सहाव्या शतकात, संकलित झालेल्या कायद्याच्या संग्रहात पेकुलातुसच्या शेजारीच 'रेसिदुइस', म्हणजे शिल्लक रकमा, या नावाचा वेगळा अपराध दिलेला आहे. एखाद्या कामासाठी सरकारी पैसा मिळाला, त्या कामावर तो खर्च केला नाही आणि परतही केला नाही, तो स्वतःकडेच राहू दिला, तर त्या माणसाला या तरतुदीखाली धरत आणि देणे रकमेपेक्षा एक तृतीयांश जास्त वसूल करत. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण 'मी खाल्ले नाहीत, माझ्याकडे पडून होते' हा बचाव किती जुना आहे आणि तो किती पूर्वीपासून नामंजूर होत आला आहे हे तिच्यातून कळते.

अपहार कागदावर कसा दिसतो याचा एक नमुना त्याच रोममधून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. इसवी सन पूर्व 84 मध्ये गायस वेरेस हा कार्बो या कॉन्सलचा, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा, क्वेस्टर, म्हणजे त्याच्या फौजेचा खजिनदार, होता. पुढे इसवी सन पूर्व 70 मध्ये सिसिलीतल्या लुटीबद्दल रोमन वक्ता आणि वकील सिसेरोने वेरेसवर खटला चालवला, तेव्हाच्या लेखी भाषणात त्याने वेरेसचा हा जुना हिशेब जसाच्या तसा उतरवला आहे. तो इतकाच आहे: मिळाले 22,35,417 सेस्टर्स (रोमन नाणी), सैनिकांचा पगार, धान्य, अधिकारी आणि अंगरक्षक दल यांवर दिले 16,35,417, आरिमिनम येथे ठेवले 6,00,000. यादवी युद्धात आरिमिनम हे इटलीतले शहर लुटले गेले होते, त्यामुळे तिथे ठेवलेल्या पैशाचे काय झाले हे तपासायला मागे काहीच उरले नव्हते. याला हिशेब देणे म्हणतात का, असा सिसेरोचा सवाल आहे.

हा हिशेब नीट पाहिला तर त्यातली खोट आजचा कोणताही लेखापरीक्षक दाखवून देईल. जमा आणि खर्च या दोन्ही रकमांचे शेवटचे पाच आकडे 35,417 असेच आहेत, त्यामुळे शिल्लक अगदी गोल सहा लाख निघते. खरा खर्च असा जमेच्या आकड्याला मापून होत नसतो. पगार किती जणांना दिला, धान्य कोणाकडून घेतले, कोणत्या तारखेला, याचा एक शब्द नाही. चार-पाच बाबी एकाच रकमेत कोंबल्या आहेत. शिल्लक जिथे दाखवली ती जागा पडताळण्यापलीकडची आहे. बेरीज-वजाबाकी मात्र बिनचूक आहे, आणि नेमके तेच सभासदाने ध्यानात ठेवायला हवे: ताळेबंद जुळतो एवढ्यावरून पैसा जागेवर आहे असे सिद्ध होत नाही.

इंग्रजीत अपहारासाठी रूढ असलेला 'एम्बेझलमेंट' हा शब्द मात्र या लॅटिन घराण्यातला नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या नासधूस करणे अशा अर्थाच्या शब्दावरून आला. त्याचा कायदा मात्र एका छोट्या घटनेतून जन्मला आणि ती सांगण्यासारखी आहे. 1799 साली लंडनमधल्या एका बँकेच्या काउंटरवरील बेझली नावाच्या कारकुनाने ग्राहकाने भरलेली रक्कम खात्यावर पुरी जमा दाखवली आणि त्यातली शंभर पौंडांची नोट थेट स्वतःच्या खिशात घातली. न्यायाधीशांपुढे पेच पडला. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू काढून घेणे. ही नोट बँकेच्या गल्ल्यात पोहोचलीच नव्हती, ती कारकुनाच्या हातातूनच गेली होती, आणि कारकुनाच्या हातात ती ग्राहकाने राजीखुशीने दिली होती. चोरीचा आरोप टिकला नाही. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने नोकरांनी मालकासाठी घेतलेल्या पैशाच्या अपहाराचा स्वतंत्र कायदा केला.

आपल्या कायद्याने हा पेच सुरुवातीपासूनच टाळला. मेकॉलेच्या मसुद्यावरून 1860 साली संमत झालेल्या भारतीय दंड संहितेत कलम 405 ने 'फौजदारीपात्र न्यासभंग' हा गुन्हा विश्वासाने सोपवण्याच्या कल्पनेवर उभा केला. वस्तू कोणत्या क्षणी कोणाच्या गल्ल्यात होती हा प्रश्न त्यात मुख्य राहत नाही. ती तुमच्यावर सोपवली होती का आणि तुम्ही तिचे अप्रामाणिकपणे काय केले, एवढेच पाहिले जाते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम 316 मध्ये आहे. कारकून किंवा नोकराने तो केला तर सात वर्षांपर्यंत कैद, आणि लोकसेवक, बँकर किंवा एजंट यांनी केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. त्या तारखेपूर्वीच्या कृत्यांना जुन्या संहितेची कलमे, म्हणजे 408 आणि 409, लागू राहतात.

'थोडे दिवस वापरले, परत ठेवणारच होतो' या सबबीलाही कायद्याने जागा ठेवलेली नाही. अप्रामाणिक अपहाराच्या कलमाला, म्हणजे पूर्वीच्या 403 आणि आताच्या 314 ला, जोडलेले स्पष्टीकरणच असे आहे की, काही काळापुरता केलेला अपहारही अपहारच होय. तिथे दिलेले उदाहरण मासलेवाईक आहे: एकाला दुसऱ्याच्या मालकीची सरकारी वचनचिठ्ठी सापडते, ती दुसऱ्याची आहे हे त्याला ठाऊक असते, आणि पुढे परत करायच्या इराद्याने तो ती बँकेत तारण ठेवून कर्ज काढतो. तो दोषी आहे.

हे सगळे आपल्या रोजच्या व्यवहारात कसे घडते हे पाहायचे तर पिग्मीसारखे दुसरे उदाहरण नाही. रोज थोडी थोडी बचत दारात येऊन गोळा करण्याची ही पद्धत 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली आणि कर्नाटकातल्या बाजारपेठांत ती घट्ट रुजली. समजा, शहापूरच्या बाजारातली एक भाजीवाली एजंटाला रोज 100 रुपये देते. एजंट तिच्या पासबुकात 100 लिहितो आणि संस्थेत 80 भरतो. पासबुक खरे दिसते, संस्थेची कीर्दही खरी दिसते. दोन्ही शेजारी ठेवून कोणी पाहत नाही तोवर रोजचे 20 रुपये कापले जात राहतात. दुसरी रीत अधिक चलाखीची आहे. सोमवारी जमलेले 12,000 रुपये एजंट स्वतः वापरतो, मंगळवारच्या जमेतून सोमवारचा भरणा करतो, बुधवारच्या जमेतून मंगळवारचा, आणि असे दिवस एकमेकांवर ढकलत राहतो. कोणाच्याही खात्यात कायमची कमी दिसत नाही, फक्त प्रत्येक भरणा एक दिवस उशिरा पडतो. पण असा माणूस कधी रजा घेऊ शकत नाही, कारण दुसऱ्याच्या हातात वही गेली की साखळी तुटते. बँकांत जोखमीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना सक्तीने रजेवर पाठवण्याचा नियम आहे त्यामागे हेही एक कारण आहे. 'आमचा मॅनेजर वर्षानुवर्षे एक दिवसही घरी राहिला नाही' हे सभेत कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा त्याची शहानिशा करायला हवी; तो माणूस मनापासून कष्टाळू असेलही, तरी त्याची वही वर्षातून काही दिवस दुसऱ्याने सांभाळणे त्याच्याही हिताचे आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तूट पडली म्हणजे अपहार झालाच का? नाही. मोजण्यात चूक होते, नोंद दुसऱ्याच खात्यावर पडते, रोकड प्रवासात हरवते. तूट ही वस्तुस्थिती आहे आणि अपहार हा तिच्यामागच्या हेतूचा निष्कर्ष आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2013 साली नेमक्या याच शब्दाचा अर्थ ठरवण्याची वेळ आली होती. वडिलांनी स्थापन केलेल्या न्यासाच्या विश्वस्त मुलाने त्यातून तीन वेळा कर्ज घेतले होते आणि सगळे व्याजासह फेडले होते. तरीही विश्वस्ताने असा व्यवहार करणे नियमबाह्य होते. त्याबद्दल त्याच्यावर बसवलेले देणे डिफाल्केशनमधून आले आहे का, म्हणजे दिवाळखोरीतही ते माफ होणार नाही का, हा दिवाळखोरी कायद्यातला प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की या शब्दात दोषी मन अभिप्रेत आहे: आपण करतो ते गैर आहे हे ठाऊक असणे, किंवा तसे असण्याच्या उघड धोक्याकडे जाणूनबुजून डोळेझाक करणे.

भारतातही हेतू सिद्ध व्हावा लागतो, पण तो कसा सिद्ध होतो याबाबत सभासदांना धीर देणारी गोष्ट आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 सालीच स्पष्ट केले आहे की, मालमत्ता सोपवली होती हे सिद्ध झाले आणि त्या माणसाने हिशेब दिला नाही किंवा खोटा हिशेब दिला, तर त्यावरून अप्रामाणिक हेतूचे अनुमान काढता येते. पैसा नेमका कोणत्या दिवशी कशावर उडवला हे फिर्यादी पक्षाने दाखवलेच पाहिजे असे नाही. म्हणून ठेव पावती, पासबुक, मशीनने दिलेली चिठ्ठी हे 'सोपवल्याचे' पुरावे जपून ठेवणे हे वकील गाठण्याच्याही आधीचे काम आहे.

मराठीत आपल्याकडे 'अपहार' आणि 'अफरातफर' असे दोन शब्द आहेत. अपहार संस्कृतातला, 'दूर हरण करणे' या अर्थाचा आणि ठाम आरोपाचा. अफरातफरीचे मूळ अरबी 'इफ्रात-तफ्रीत', म्हणजे कमी-जास्त, या जोडीत मानले जाते. आकडे इकडचे तिकडे झाले एवढेच ते म्हणते. माझे मत असे की, चौकशी पुरी होण्याआधी डिफाल्केशनचे मराठी करताना 'सोपवलेल्या रकमेतील तूट' असे लिहावे आणि जबाबदारी निश्चित झाल्यावरच 'अपहार' म्हणावे. निर्दोष कारकुनाची गावात नाहक बदनामी होऊ नये आणि खऱ्या दोषीला शब्दाच्या आडोशाने वेळ मिळू नये, या दोन्ही गोष्टी त्यामुळे साधतात.

इथे एक व्यावहारिक फरक सांगणे आवश्यक आहे. सहकारी बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे प्रति ठेवीदार पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे; पतसंस्था आणि सौहार्द पतसंस्था यांतल्या ठेवींना ते नाही. त्यामुळे पतसंस्थेत तूट निघाली की वसुली हाच मार्ग उरतो. आपल्याकडच्या संस्था 1959 च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली किंवा 1997 च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या असतात, आणि तक्रार करण्यापूर्वी आपली संस्था कोणत्या कायद्याखालची आहे हे तिच्या नोंदणीपत्रावरून पाहून घ्यावे. 1959 च्या कायद्यात निबंधकांमार्फत चौकशी कलम 64 खाली होते, आणि दोषी पदाधिकाऱ्यांवर किंवा नोकरांवर रक्कम बसवून ती वसूल करण्याची तरतूद कलम 69 मध्ये आहे. त्या कलमात विश्वासभंगाने किंवा जाणूनबुजून केलेल्या हयगयीने संस्थेच्या मालमत्तेत तूट आणणे, पैशाचा अपहार करणे आणि पैसा लबाडीने स्वतःजवळ अडकवून ठेवणे, असे तीन प्रकार वेगवेगळे नोंदवलेले आहेत. अर्ज लिहिताना यातला कोणता प्रकार घडला, कोणत्या तारखांच्या दरम्यान, कोणाच्या ताब्यातील किती रकमेबाबत, हे मांडून सोबत पासबुक व पावत्यांच्या प्रती जोडाव्यात, आणि अहवालातल्या ज्या पानावर डिफाल्केशन हा शब्द आला आहे त्या पानाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी.